नांदेडच्या सर्व्हरचं घड्याळ

कोचिंग क्लासच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं की मला अजूनही शिसारी येते. क्लास कितीही चांगला असू दे, शिकवणारा कितीही भला असू दे, माझी नजर आधी घड्याळाकडं जाते आणि मग मनगटाकडं. दोन्हींत फरक दिसला की माझं डोकं फिरलंच म्हणून समजा. आई म्हणते, "त्या घड्याळानं तुझं काय वाकडं केलंय गं?" घड्याळानं काही केलेलं नाही. जे काय केलं ते काटे पुढं सारणाऱ्यांनी.

ही खोड आमच्या लातुरातली. क्लासचं पेव फुटलं तेव्हा गल्लोगल्ली पाट्या लागल्या, आणि प्रत्येक क्लासचं घड्याळ पुढं. पोरांनी वेळेत यावं म्हणून कुणी पाच मिनिटं पुढं ठेवायचा, कुणी दहा. आमच्या सरांचं पंधरा मिनिटं पुढं. त्याला 'क्लासची वेळ' म्हणायचं. क्लासची वेळ झाली की शटर खाली. बाहेर राहिलेलं पोरगं रस्त्यावर उभं, वही छातीशी धरून. अहमदपूर, रेणापूरकडून आलेले आईबाप ते बघून खूष व्हायचे. काय शिस्त हाय बगा, म्हणायचे. खोट्या वेळेला शिस्त म्हणणारी ही माणसं बघून मी तेव्हाही मनात म्हणायची, धन्य आहे बाबा तुमची!

'आमचे सर' म्हणते, कारण ते खरोखरच माझे सर होते. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आमचं गाव औशाच्या खालच्या अंगाला. घर गेलं, धाकटा भाऊ गेला, आणि आम्ही उरलेले पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. तिथं लातूरहून एक तरुण मास्तर लुनावर बसून यायचे. कुणी पाठवलेले नव्हते, कुणी पगार देत नव्हतं. पत्र्याला तारेनं फळा बांधायचे आणि आम्हाला विज्ञान शिकवायचे. शिकवायला लागण्याआधी विचारायचे, "सगळी आली का?"

त्या दिवसांत हा प्रश्न साधा नव्हता. आमच्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी आता कधीच येणार नव्हतं. एखादी पोरगी दिसली नाही तर सर स्वतः तिच्या शेडपर्यंत जायचे. ती डोळे पुसत यायची, बसायची, मगच खडू फळ्याला लागायचा. घड्याळ कुणाकडंच नव्हतं. तो माणूस खरा होता, हे मला सांगावंच लागतं. नाहीतर पुढची किळस कळायची नाही.

पुढं त्याच सरांचा क्लास झाला, क्लासची इमारत झाली, वसतिगृह झालं, मग नांदेडला शाखा झाली. प्रत्येक पत्रकावर पत्र्याच्या शेडचा फोटो. मी कॉम्प्युटरचं शिकून बसले होते. सरांनी बोलावलं, "ये, आपलंच घर आहे." गेले. दोन्हीकडचे कॉम्प्युटर, वायरी, जाळं, सगळं माझ्याकडं आलं. पोरं मला कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणायची.

कामाचं थोडं सांगते, म्हणजे भानगड कळेल. लातूरला एक सर्व्हर होता आणि नांदेडला एक. सर्व्हर म्हणजे मोठा कॉम्प्युटर, बाकीच्या सगळ्यांचा मालक. कोणतं पोरगं आपलं, कोणत्या तुकडीतलं, त्याचा पासवर्ड काय, हे सगळं त्याच्या पोटात. लातूरला नवं नाव घातलं की थोड्या वेळानं ते नांदेडच्या सर्व्हरवर आपोआप उमटायचं. इथलं काढलं की तिथलंही जायचं. याला रेप्लिकेशन म्हणतात. चालू असतं तोवर कुणाला त्याचा पत्ता नसतो, आणि बंद पडलं की ज्याला बटण दाबता येत नाही तोसुद्धा मला शिकवायला पुढं.

दर महिन्याला कॉम्प्युटरवर एक परीक्षा व्हायची. तिच्यातून 'खास तुकडी' निवडायचे. खास तुकडीतल्यांनाच वसतिगृहात जागा. जो बाहेर पडला त्यानं शनिवारपर्यंत पेटी उचलायची. सर म्हणायचे, यानं पोरं पेटून उठतात. मी तर पोरं जिन्यात बसून रडतानाच बघितली.

त्या खास तुकडीत बिलोलीची एक पोरगी होती. तिच्या अब्बांचं बिलोलीत शिलाईचं दुकान. पोरगी फार बोलायची नाही. लातूरच्या लॅबमध्ये काही अडलं की माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची, आणि मी मान वर करेपर्यंत उभीच. डॉक्टर व्हायचं होतं तिला. अब्बांचीही तीच हौस, पण एक अट होती, आणि ती त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच सांगितली होती. "वसतिगृहात हाय तोवर शिकू द्या. भाड्याच्या खोलीत एकटी पोर मी ठिवणार न्हाई. जागा गेली की मी घरी नेणार." म्हणजे त्या पोरीचं सगळं शिक्षण एका खाटेवर टेकलेलं होतं.

बिलोलीहून लातूर लांब पडतं, नांदेड जवळ. अब्बांना आठवड्याला येता यावं म्हणून तिनं नांदेड शाखेत बदली मागितली. लातूरच्या ऑफिसनं तिचं जुनं नाव काढलं, नांदेडच्या तुकडीत नवं घातलं, आणि पोरगी पेटी घेऊन नांदेडला गेली. तिचं नाव मात्र तिच्या मागून गेलंच नाही.

परीक्षा रविवारी होती. सोमवारी सकाळी नांदेडच्या शाखाप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, तुमची लाईन बोंबलली बगा. नवी नावंच येईनात. आणि ज्येंची नावं तुमी काढली म्हणता, ती पोरं हितं जित्ती हायत."

"नवी कोण कोण आहेत?"

"एकच हाय. ती बिलोलीची. परीक्षेला गैरहजर लागली."

"आली नव्हती का?"

"आलती की. कॉम्प्युटर म्हणला, नांदेडच्या तुकडीत असं नावच न्हाई. मग बसवलं तिला खुर्चीवर. बसली बिचारी शेवटपत्तुर."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पोरगी समोर खुर्चीवर बसलेली, शाखाप्रमुख आणि देखरेखीचे दोघं तिला डोळ्यांनी बघताहेत, आणि कागदावर गैरहजर! मी विचारलं, "मग फोन का नाही केला तेव्हाच?" तर म्हणतात, "रविवार होता ना मॅडम." अशा माणसाला काय बोलणार? फोन ठेवला, पिशवी उचलली आणि नांदेडची एसटी धरली.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा समोर क्लासचाच फ्लेक्स होता. वर सर, हात जोडून हसणारे. खाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा. मी तोंड फिरवून बसले.

नांदेड शाखेतली सर्व्हरची खोली म्हणजे निव्वळ अडगळ. एसी बसवला होता सर्व्हरसाठी, म्हणून शाखाप्रमुख दुपारी तिथं झोपायचे. कोपऱ्यात वळकटी, खिळ्याला ओला टॉवेल, खिडकीत पानाच्या पिचकाऱ्या. सर्व्हरवर खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार तसाच, वाळून कोळसा झालेला, आणि त्याच्या पाकळ्या पंख्यात. कुंकू तर बटणापर्यंत ओघळलेलं. पूजा करायची भारी हौस, पण नंतर फडकं मारायला कुणाचा हात उठत नाही. मी आधी तो हार काढून फेकला.

"अहो मॅडम, पूजेचा हाय!"

"मग घरी न्या."

दारात ती पोरगी येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मी मान वर केली तेव्हा म्हणाली, "मॅडम, माझं नाव सापडलं का?"

"सापडेल. तू जेवलीस का?"

"शनिवारपत्तुर खोली खाली करा म्हणले."

मी कामाला लागले. आधी लाईन बघितली. नांदेडवरून लातूरच्या सर्व्हरला हाक मारली, त्यानं ओ दिली. म्हणजे लाईन ठणठणीत. मग दोघं एकमेकांना नावानं ओळखतात का ते बघितलं. ओळखत होते. मग नावं मागितली, तर उत्तर आलं, प्रवेश नाकारला. दाराला आतून कडी घालून "कोण आहे?" विचारावं, ओळखही पटावी आणि कडी मात्र काढू नये, तसला प्रकार. मला वाटलं, दोन्ही सर्व्हरमधला आपसातला पासवर्ड बिघडला असेल. तो नवा केला. तरी तेच. नांदेडचा सर्व्हर लातूरला नकार देत होता आणि लातूरचा नांदेडला. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

शाखाप्रमुख मागं खुर्ची टाकून भजी खात बसले होते. तेलकट कागद सर्व्हरवरच ठेवलेला. "बंद करून चालू करा की मॅडम."

"तुम्ही किती वेळा केलं?"

"सकाळपासून तेच करून राहिलो."

अशा वेळी हातात काही जड असू नये असं मला वाटतं. मग त्यांनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "चला, जेवायची घंटा होईल आता. बाकीचं मागून बगा."

मीही भिंतीकडं बघितलं. तिथून नजर सर्व्हरच्या पडद्यावर आली, खाली कोपऱ्यात, जिथं वेळ दिसते. दोन्हीकडं एकच वेळ होती. ही दोन घड्याळं जुळायलाच नको होती! भिंतीवरचं घड्याळ खोटं, हे क्लासमधलं शेंबडं पोर जाणत होतं. मग सर्व्हरचं त्याच्याशी कसं जुळलं?

"सर्व्हरचं घड्याळ पुढं कुणी केलं?"

"आपणच." आणि हे अगदी छाती काढून. "सरांचा हुकूम होता. सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढं. सगळी म्हंजे सगळी. पोरं लई बेरकी, कॉम्प्युटरात बगून म्हणायची, सर, भिंतीवरचं पुढं हाय. म्हणलं, झंझटच नको."

"पण ते आपोआप मागं येतं. लातूरशी जुळवून घेतं."

"हाव ना! सारखं मागं यायचं. लई तरास दिला त्येनं. मग दुकानातला माणूस बोलावला. त्येनं लातूरकडनं टाईम घ्यायचंच बंद करून टाकलं. तवापासून कसं बरोबर चालून राहिलं."

बरोबर म्हणे! मी कपाळावर हात मारला. लातूरला हाच हुकूम आला होता तेव्हा मी सरांना तोंडावर सांगितलं होतं, भिंतीवर काय करायचं ते करा, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. दोन सर्व्हर एकमेकांना काही देण्याआधी वेळ ताडून बघतात. पाच मिनिटांच्या वर फरक निघाला की समोरचा खोटा, कुणीतरी सोंग घेऊन आलेला, असं समजून दार लावतात. यंत्र बिचारं बरोबर वागलं होतं. खोट्या वेळेवर चालणाऱ्याशी त्यानं व्यवहार तोडला होता. आमच्या क्लासमध्ये एवढी अक्कल असलेलं ते एकटंच.

घड्याळ मागं घ्यायला आणि लातूरशी जोडायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ शाखाप्रमुखांना बाजूला सारायला लागला. मग लातूरकडची नावं धाडधाड यायला लागली. काढलेली पोरं गेली, बदललेल्या तुकड्या जागेवर बसल्या. आणि त्या गर्दीत बिलोलीची पोरगी आली. मी तिला बोलावलं, खुर्चीवर बसवलं. तिनं पासवर्ड घातला. पडद्यावर तिचं पूर्ण नाव उमटलं. ती त्या नावाकडं बघतच राहिली.

"मग आता परीक्षा देऊ मी?"

शाखाप्रमुख मागून म्हणाले, "परीक्षा रविवारी झाली ना गं बाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "उद्या सर येताहेत. मी बोलते." मला खरंच वाटलं होतं की बोलण्यानं होईल.

रात्री एका मैत्रिणीकडं राहिले. दुसऱ्या दिवशी सर आले. मोठी गाडी, मागं दोन माणसं, पांढरे बूट. ऑफिसात शिरले, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, भिंतीवरची बघितली, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "घड्याळ मागं कुणी केलं?"

मी सगळं सांगितलं. वेळ, सर्व्हर, नावं, पोरगी. रविवारी तिनं परत परत नाव घातलं होतं, ते सर्व्हरनं लिहून ठेवलेलं होतं, तेही दाखवलं. देखरेखीच्या माणसांच्या डोळ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून यंत्राचा पुरावा. सरांनी सगळं ऐकून घेतलं. एकही गोष्ट खोटी आहे म्हणाले नाहीत. उलट मान डोलावली. तोवर बिलोलीहून अब्बा आले होते. बारीक माणूस, गळ्यात अजून शिलाईची फीत तशीच. बगलेत सुतळीचं बंडल, पेटी बांधायला. ते दाराशी उभे, त्यांच्या शेजारी पोरगी.

सर गोड आवाजात म्हणाले, "काळजी नको. आपण हिची परीक्षा परत घेऊ."

अब्बांचे हात आपोआप जोडले गेले. माझाही जीव भांड्यात पडला.

"फक्त एक अर्ज द्या. रविवारी आजारी होते, म्हणून परीक्षेला येऊ शकले नाही. बस."

मी म्हणाले, "पण ती आली होती सर."

"अगं, मला कळतं. पण क्लासकडून चूक झाली असं बाहेर गेलं की उद्या दारात पालकांची रांग लागेल. आणि घड्याळाचं तर बोलायलाच नको. तिचं काम होतंय ना? मग झालं तर."

सगळं कसं गुळगुळीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला त्या गोड आवाजाची इतकी किळस आली की तोंडात आंबट पाणी सुटलं.

शाखाप्रमुखांनी कोरा कागद पुढं सरकवला. पेनसुद्धा टोपण काढून दिलं. पोरीनं कागदाला हात लावला नाही.

"लिही बेटा," अब्बा म्हणाले. "एका कागदानं काय बिघडतं? परीक्षा तर हुईल."

"मी आजारी न्हवते, अब्बा."

"मालूम हाय मला."

"मी हजर होते. तीन घंटे मी तिथंच बसलते. ह्ये समोर होते." तिनं शाखाप्रमुखांकडं बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "आज मी लिहून दिलं ना, तर मीच म्हणल्यासारखं हुईल की मी न्हवते."

अब्बांनी तो कोरा कागद परत शाखाप्रमुखांकडं सरकवला. त्यांना राग आला होता का, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी सरांना सलाम केला आणि ते सुतळी सोडवायला लागले.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, शेडमध्ये एखादी पोरगी आली नाही तर तुम्ही तिला आणायला जायचा. ही तर आली होती. आलेल्या पोरीला तुम्ही घालवताय."

"तेव्हा मूठभर पोरं होती," सर म्हणाले. आवाज अजूनही तसाच. "आता केवढा पसारा आहे, तू बघतेस ना." मग त्यांनी भिंतीवर बघितलं. "चला, माझ्या तासाची वेळ झाली." तासाची वेळ झाली नव्हती. भिंतीवर झाली होती.

मी सर्व्हरच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर टाकल्या. टाकल्या म्हणजे टाकल्याच, ठेवल्या नाहीत. शाखाप्रमुखांनी त्या चटकन उचलल्या. त्यांना झोपायची खोली परत मिळाली होती.

बाहेर व्हरांड्यात बाप-लेक पेटी बांधत होते. मी अब्बांना म्हणाले, "एकटी ठेवायची नाही ना? मग आमच्या घरी ठेवा. लातूरला मी आणि माझी आई, दोघीच असतो." ते कसनुसे हसले. त्यांना ते बोलण्यापुरतं वाटलं असणार. मी म्हणाले, आता माझ्याबरोबर चला आणि आईला बघून घ्या. आले. आईनं पोरीला बघितलं, पेटी बघितली आणि भाकरी थापायला बसली. जेवण झाल्यावर अब्बांनी पोरीला खाली बसवलं, म्हणाले, "हितं ऱ्हा." निघताना आमच्या उशांना अभ्रे नाहीत हे त्यांनी हेरलं होतं. पुढच्या खेपेला शिवून घेऊन आले.

पोरगी आमच्याकडं वर्षभर राहिली. क्लास नाही, खास तुकडी नाही. पुस्तकं आणि कॉलेजातल्या एक भल्या बाई, ज्या अडलेलं समजावून सांगायच्या. मी दुसरीकडं नोकरी धरली. मध्ये एकदा शाखाप्रमुखांचा फोन आला होता. "मॅडम, परत नावं येईनात."

"घड्याळ परत पुढं केलं का?"

"सरांचा हुकूम हाय. आमी काय करावं? आता नावं पेन ड्राईव्हमधी घालून एसटीनं पाठवून राहिलेत." लाखमोलाचे दोन सर्व्हर, आणि नावं कंडक्टरच्या हाती! मी फोन ठेवून दिला. हसावं की थुंकावं कळेना.

मेडिकलचा निकाल लागला. पोरीचा सरकारी कॉलेजात नंबर लागला. आईनं तिच्या तोंडात साखर घातली आणि स्वतःच रडत बसली. अब्बांनी तर फोनवर आधी नव्या ड्रेससाठी तिचं माप विचारलं.

आणि चार दिवसांनी नांदेडला चौकात फ्लेक्स लागला. सगळ्यांत वरच्या रांगेत तिचा फोटो. आमच्या क्लासची विद्यार्थिनी! माझ्या अंगाची आग आग झाली. मी फोन केला तर ऑफिसमधली बाई म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डला नाव आहे ना तिचं. नांदेड शाखा, खास तुकडी. फोटोपण आहे." बरोबर होतं. ते नाव मीच तर तिथं पोचवलं होतं, दिवसभर डोकं फोडून. परीक्षेच्या दिवशी जे नाव त्यांच्याकडं नव्हतं, ते निकालाच्या दिवशी सापडलं.

वर सत्काराचं आमंत्रणही आलं. नांदेड शाखेत, सकाळी दहा वाजता, पालकांसह. मी म्हणाले, जायचं नाही. पोरगी म्हणाली, जायचं. "मला तिथं एकदा उभं राहून सांगायचंय, मॅडम. माईक देतील ना? त्या दिवशी मी हजर होते, एवढंच म्हणणार आणि उतरणार." अब्बांनी तिच्यासाठी नवा ड्रेस शिवला होता. स्वतःही नवा सदरा घातला. तिघं निघालो. मुद्दाम लवकरची गाडी धरली आणि दहाच्या आत क्लासच्या गेटाशी उभे राहिलो. सत्काराला कुठली आलीय क्लासची वेळ, असं मला वाटलं होतं.

शटर खाली होतं.

वॉचमन म्हणाला, "टाईम झाला. आता कुणाला सोडत न्हाईत."

अब्बा अजिजीनं म्हणाले, "भाई, सत्कार हिचाच हाय."

"आसंल. पर सरांचा हुकूम हाय. क्लासच्या टाईमानंतर कुणी बी असू दे."

मी तोंड उघडणार होते. पोरीनं माझा हात धरला. वर, इमारतीच्या कोपऱ्यावर कर्णा लावलेला होता, त्यातून सरांचा आवाज येत होता. पत्र्याची शेड, तारेनं बांधलेला फळा, भूकंपातली पोरं, सगळं सांगत होते. आवाज मध्येच भरून आला. आत टाळ्या पडल्या. मग सर म्हणाले, "तेव्हा मी रोज पहिला प्रश्न एकच विचारायचो. आजही तोच विचारतो. सगळी आली का?"

आतून शेकडो पोरांचा आवाज आला, "होऽऽ सर!"

मग तिचं नाव पुकारलं. एकदा. परत एकदा. रस्त्यावरच्या पानवाल्यापर्यंत ते नाव ऐकू गेलं. पोरगी शटरकडं तोंड करून उभी होती, नव्या ड्रेसमध्ये. कर्ण्यातून शाखाप्रमुखांचा आवाज आला, "गैरहजर दिसतात. पुढचं नाव घेऊ."

मी मनगटावर बघितलं. दहा वाजायला अजून पाच मिनिटं होती.